नाव म्हणजे माणूस नव्हे!

वाशीम जिल्ह्यातील पदवीधरास नोकरीसाठी गुणपत्रिकेइतकाच चारित्र्य पडताळणीचा दाखला महत्त्वाचा ठरू लागला आहे. तो पोलीस अधीक्षकांकडे ऑनलाइन अर्ज करून मिळतो. खटल्याची नोंद तर ई-कोर्ट्सवर पक्षकाराचे नाव व वर्ष घालून कोणासही पाहता येते. सोय खरीच; परंतु एकाच नावाचे दोघे एका तालुक्यात सहज आढळतात, आणि खटला प्रलंबित असणे म्हणजे गुन्हा शाबीत होणे नव्हे. निकालपत्राची प्रमाणित नक्कल वाचण्याची तसदी मात्र मालक क्वचितच घेतात. उमेदवाराने खटला दडवणेही घातकच. तथापि २०१६ च्या अवतारसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तरुण वयात घोषणा दिल्यासारख्या क्षुल्लक गुन्ह्याची लपवणूक दुर्लक्षिण्याची मुभा मालकास दिली आहे.