गो भाषेतील एक न दिसणारी ओळ

गूगलमध्ये रॉबर्ट ग्रिसमर, रॉब पाइक आणि केन टॉम्पसन यांनी घडवलेली गो ही संगणकीय भाषा नोव्हेंबर २००९ मध्ये जाहीर झाली. तिच्या स्टँडर्ड लायब्ररीत, म्हणजे भाषेबरोबरच मिळणाऱ्या तयार कोडच्या संग्रहात, टीसीपी या इंटरनेटवरील नियमसंचाने उघडलेल्या प्रत्येक नव्या जोडणीवर ‘नो डिले’ हा पर्याय आपोआप चालू करणारी एक ओळ आहे. ती प्रोग्रामरने लिहिलेली नसते आणि बहुधा वाचलेलीही नसते.

ही ओळ जे बंद करते, ते जॉन नागल यांनी जानेवारी १९८४ मध्ये मांडलेले तंत्र होय. टीसीपी आणि आयपी या नियमसंचांची शीर्षके, म्हणजे प्रत्येक पॅकेटच्या आरंभीची पत्त्यासारखी माहिती, मिळून किमान ४० बाइटांची असतात. त्यामुळे टर्मिनलवर दाबलेल्या एका अक्षरासाठी ४१ बाइटांचे पॅकेट निघे आणि मंद नेटवर्क अशा पॅकेटांनी तुंबत असे. नागल यांचा नियम असा, की आधीच्या मजकुराची पोच आलेली नसेल तर नवा किरकोळ मजकूर राखून ठेवावा आणि पोच आली किंवा पॅकेट भरले की तो एकत्र पाठवावा. स्वतंत्र घड्याळ न लावता नेटवर्कच्या गतीवरूनच थांबण्याचा काळ ठरवणारी ही रचना आजही थक्क करते. मात्र पोचही थोडी रोखून, परतीच्या मजकुरासोबत पाठवण्याची पद्धत रूढ झाली, आणि मग पाठवणारा पोचेची व घेणारा उरलेल्या मजकुराची वाट पाहत बसला. नागल यांनी पुढे या विलंबित पोचेलाच दोष दिला, आणि तो रास्त आहे.

झटपट प्रश्नोत्तरे करणाऱ्या सर्व्हरसाठी गोची निवड योग्यच आहे. चिंता आहे ती मोठी फाइल पन्नास-पन्नास बाइटांच्या तुकड्यांत लिहिणाऱ्या कोडची. लिनक्सवर सी भाषेतून उघडलेल्या जोडणीत नागल यांचा नियम मुळात चालू असतो आणि अशा निष्काळजीपणावर पांघरूण घालतो. गोमध्ये मात्र जवळजवळ प्रत्येक तुकडा स्वतःची ४० बाइटांची शीर्षके घेऊन निघू शकतो, आणि वेगवान कार्यालयीन नेटवर्कवर न जाणवलेला हा भार कमकुवत मोबाइल जोडणीवर वापरणाऱ्याला सोसावा लागतो. प्रोग्राम चुकत नाही, केवळ मंदावतो, म्हणून कारण सापडणे कठीण जाते.

‘नो डिले’ हा पर्याय प्रत्येक जोडणीपुरता बंद करता येतो. परंतु त्याहून चांगला उपाय म्हणजे लायब्ररीतीलच बफर, म्हणजे तुकडे साठवून एकत्र पाठवणारी जागा, जिचा मूळ आकार ४०९६ बाइट आहे. गोमध्ये मोठा मजकूर पाठवणाऱ्या प्रत्येकाने तो वापरावा आणि अखेरीस ‘फ्लश’ करून उरलेला मजकूर बाहेर काढावा.