राणीछाप रुपयाची पारख

लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर राणीछाप रुपये मांडले, की घर निडीसारख्या रोहे तालुक्यातल्या खेड्यातले असो वा मुंबईच्या चाळीतले, मुलांचा प्रश्न ठरलेला असतो : "आज ह्याचे किती येतील?"

उत्तराची सुरुवात वजनापासून करावी. कंपनी सरकारने १८३५ साली आपल्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरविला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा. बारा भागांत अकरा भाग चांदी. 'रुपयाभार' हे माप सराफाच्या तराजूतून आजीबाईच्या बटव्यात आले ते यामुळेच. आजच्या हिशेबाने वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. तेवढ्या चांदीचा भाव ही त्याची किमान किंमत.

त्याहून अधिक किती, ते साल सांगते. मात्र जुने ते सारेच दुर्मीळ नव्हे. १८६२ चा रुपया घरोघरी सापडतो, कारण पुढे बरीच वर्षे टाकसाळी तेच साल उठवीत होत्या. राणीची 'सम्राज्ञी' झाली ती १८७७ च्या नाण्यांपासून. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरील हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला! गवगवा झाला आणि १९१२ साली ठसा सुधारला. शौकीन तो पहिला रुपया मुद्दाम शोधतात. १९४० पासून रुपयात चांदी निम्मीच राहिली, आणि १९४७ चा वाघाचा रुपया तर निव्वळ निकेलचा.

आता दोन गोष्टी जपण्याच्या. पूजेसाठी नाणे रांगोळीने लखलखीत घासण्याची आपल्याकडे रीत आहे. पण त्याने ठसा झिजतो आणि संग्राहकाच्या लेखी मोल उतरते. साध्या पाण्याने धुवून मऊ फडक्याने टिपावे, एवढे पुरे.

दुसरी गोष्ट फसवणुकीची. एका बाजूस रामपंचायतन, दुसऱ्या बाजूस कंपनीचे नाव आणि १८१८ साल, असे तांब्याचे नाणे लाखमोलाचे म्हणून दाखविले जाते. कंपनीच्या टाकसाळीत असले नाणे कधी पडले नाही. ते मागाहून बनविलेले आहे. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपले नाव वापरून लोकांकडून शुल्क उकळले जाते, असा इशारा रिझर्व्ह बँकेनेही २०२१ साली दिला होता. तेव्हा विकायचेच झाले, तर सराफाकडे वजन करावे, दोन जाणकारांना नाणे दाखवावे. आणि आधी पैसे मागणाऱ्याला उंबऱ्यावरूनच नमस्कार करावा.