अन्नछत्र आणि शिधापत्रिका

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या कार्याचा प्रारंभ ठाण्याच्या वागळे इस्टेटीत झाला. कारखान्यांमागोमाग माणसे आली, वस्त्या वाढल्या. अशा वस्तीत भुकेल्याला अन्न कोणी द्यावे, धर्माने की सरकारने? उत्तर देण्यापूर्वी दोहोंची रीत पाहणे बरे.

धर्माची वाट जुनी. देवळाचा भंडारा असो वा गुरुद्वाराचा लंगर, पंगतीत बसणाऱ्याजवळ कोणी कागद मागत नाही, हा तिचा मोठा गुण. गोरगरीब यात्रेकरूंसाठी गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक येथे धर्मशाळा उभारल्या त्या याच भावनेने. परंतु भंडारा तिथी पाहून होतो, भूक रोज लागते. शिवाय यजमानाने उद्या हात आखडता घेतला, तर जेवणाऱ्याने दाद कोठे मागावी?

सरकारची वाट कायद्याची. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत व शहरांतील ५० टक्क्यांपर्यंत लोकांना धान्याचा हक्क दिला. प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो, अंत्योदय कुटुंबास ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य झाले. ते न मिळाल्यास अन्नसुरक्षा भत्ता मागता येतो. दानात नसलेली ही सोय आम्हांस फार मोलाची वाटते.

मात्र कायद्याला नोंद लागते. परगावच्या कामगाराची शिधापत्रिका पुष्कळदा गावीच असते. २०१९ साली महाराष्ट्र व गुजरात यांच्या दरम्यान पत्रिका परराज्यातही चालू लागली; पण ज्याचे नाव कोणत्याच पत्रिकेवर नाही, त्याला तिचा काय उपयोग? त्यातून खोलीवर चूल नसेल, तर कोरडे धान्य शिजवायचे कोठे? २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजनात दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण व भात मिळू लागला. टाळेबंदीत थाळी पाच रुपयांवर आली. ही थाळी पत्रिकेवाचून मिळे. परंतु केंद्रागणिक थाळ्यांची संख्या ठरलेली.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच, की रोजच्या अन्नाचा भार कायद्याने वाहावा आणि नोंदीतून सुटलेल्या माणसाला धर्माने हुडकावे. भंडारा घालणाऱ्या मंडळींनी पंगतीशेजारी एक टेबल मांडावे आणि जेवून उठणाऱ्याला शिधापत्रिकेचा अर्ज भरून द्यावा. आजचे जेवण झालेच आहे. त्या अर्जाने त्याच्या पुढल्या महिन्याचीही तजवीज होऊ शकेल.