‘आई, तू परत केव्हा येशील?’

शाळेचा पहिला दिवस जवळ आला, की नवे दप्तर, नवा गणवेश यांची सिद्धता घरोघरी हौसेने चालते. मूल मात्र फाटकाशी येताच आपला हात घट्ट धरते. त्याला शाळेचे भय नसते. येथे सोडून गेलेली आई परत येईल ना, हे भय असते.

म्हणूनच त्याची नजर चुकवून निघून जाऊ नका. ही युक्ती एक दिवस साधते आणि पुढे महिनाभर नडते. “डबा खाऊन झाला, शेवटची घंटा झाली, की मी या पिंपळाखाली असेन,” असे सांगा. घड्याळ न कळणाऱ्या मुलास डबा आणि घंटा कळतात. मग मात्र घंटेपूर्वीच तेथे जाऊन उभे राहा.

बडोद्यास वा बंगळूरला राहणाऱ्या मराठी कुटुंबांत आणखी एक अडचण असते. घरची भाषा एक, वर्गातली दुसरी. पाणी हवे, लघवीस जावयाचे आहे, ही दोन वाक्ये शाळेच्या भाषेत आधी घोटून घ्या. मुळाक्षरे मागाहून येतील. ओला झालेला गणवेश मूल लवकर विसरत नाही.

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली आणि ‘अंगणवाडी’ जन्मास आली. हे प्रत्येक शाळेस कोठून साधणार? पण शेजारचे मूल त्याच वर्गात असेल, तर दोघांना बरोबर पाठवा. डबा शक्यतो घरातला जुनाच द्या. नवा घेतलाच असेल, तर त्याचे झाकण उघडण्याचा सराव आदल्या दिवशी करून घ्या.