पन्नास हर्ट्झचा टोपीवाला

वांग्याला घाबरणारी एक अख्खी पिढी नाशकात आहे, आणि तिचा भरल्या वांग्याशी काडीचाही संबंध नाही. कुऱ्हाड मिळेल म्हणून अंडं फोडावं, तर आतून वांगं बाहेर पडायचं, टोपीवाल्याच्या डोक्यापाशी घिरट्या घालायचं आणि पडद्याच्या वरच्या बाजूला असलेल्या शक्तीच्या काड्या बघता बघता गिळून टाकायचं. मग केळं नाही, सफरचंद नाही, अननस नाही. टोपीवाला जागच्या जागी गार. शेजारी मांडी घालून बसलेला भाऊ हात पुढे करून म्हणायचा, "आउट झालास, दे रिमोट इकडे."

आमच्या कॅसेटच्या यादीत या खेळाचं नाव होतं 'आयलँडर'. सिडकोतल्या आमच्या गल्लीत त्याला कुणी त्या नावानं हाक मारली नाही. डोक्यावर पांढरी टोपी, कमरेला पानांचा घागरा आणि पोट थोडं सुटलेलं. तो टोपीवालाच होता. त्याचं खरं नाव 'अ‍ॅडव्हेंचर आयलंड' हे मला कळलं तेव्हा माझं लग्न झालेलं होतं.

हा खेळ ज्यावर चालायचा ते यंत्र गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून खाली आलं. शालिमारच्या बाजूला एक दुरुस्तीवाले काका अजून अशा वस्तूंना हात लावतात, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी चार स्क्रू काढून झाकण उघडलं आणि मीच खजील झालो. एवढ्या मोठ्या खोक्यात तळहाताएवढी हिरवी पट्टी! तिच्यावर कॅसेट बसवायची साठ पिनांची खाच, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला टेकवलेला तीन पायांचा 7805 रेग्युलेटर, दोन-चार कपॅसिटर आणि मधोमध डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका. उरलेली जागा मोकळी. तळाशी एक लोखंडी पट्टी चिकटवलेली होती. "ही कशाला?" विचारलं. "हातात घेतल्यावर माल भारी वाटावा म्हणून," काका म्हणाले आणि हसले.

त्या काळ्या ठिपक्याखाली या यंत्राची सगळी कुळकथा दडलेली आहे. 15 जुलै 1983 रोजी जपानच्या निन्टेंडोनं 'फॅमिकॉम' नावाचं यंत्र 14,800 येनांना बाजारात आणलं. मासायुकी उएमुरा या अभियंत्यानं त्याची बांधणी केली होती. कामाची स्मृती अवघी 2 किलोबाइट. आज फोनवर येणारा सुप्रभातचा फुलांचा फोटो तिच्या शंभरपट भरेल. पुढे तैवानमध्ये याच यंत्राच्या नकला निघाल्या, मग अख्खं यंत्र एकाच चिपमध्ये मावायला लागलं आणि ती चिप काळ्या रेझिनच्या थेंबाखाली झाकून जगभर गेली. रशियात 1992 पासून हेच यंत्र 'डेंडी' नावानं घराघरांत शिरलं. आपल्याकडे निन्टेंडोचं यंत्र 'समुराई' या नावानं अधिकृतपणे विकलं गेलं खरं, पण आमच्या ओळखीत ते कुणाकडे नव्हतं. मेन रोडवर आणि रविवार कारंज्याच्या आसपास मिळायची ती नक्कल. खोक्यावर इंग्रजी अक्षरं जेवढी मोठी, तेवढा माल परका. वडिलांनी सातपूरच्या कंपनीतला बोनस मिळाल्यावर आणलेल्या आमच्या खोक्यावर अंतराळवीर होता आणि यंत्राला नाव नव्हतं. सगळे त्याला 'व्हिडिओ गेम' म्हणायचे, जसं स्कूटर कुठलीही असो, घरात ती 'गाडी' असते.

सोबत '9999999 इन 1' लिहिलेली पिवळी कॅसेट होती. एक कमी एक कोटी खेळ! पहिल्या रविवारी आम्ही भावंडांनी नेटानं यादी तपासायला घेतली. विसाव्या नावानंतर पुन्हा तोच रणगाडा, तीच बदकं, तीच सर्कस. फक्त सुरुवात तिसऱ्या नाहीतर पाचव्या स्टेजपासून. फसवणूक कळूनही कुणी नाराज झालं नाही. टोपीवाला त्या यादीत पहिल्या पानावर होता.

आता टोपीवाल्याची जन्मकथा, कारण ती खेळापेक्षा सरस आहे.

1986 साली सेगाच्या आर्केड यंत्रांवर 'वंडर बॉय' नावाचा खेळ आला. तो बनवणाऱ्या 'एस्केप' या छोट्या कंपनीकडे खेळाचे हक्क राहिले, पण नाव आणि नायक सेगाचे झाले. म्हणजे तमाशा आपला, पण नाच्या दुसऱ्याचा. हाच खेळ फॅमिकॉमवर आणायचं साप्पोरोच्या हडसन सॉफ्ट कंपनीनं ठरवलं तेव्हा नवा नायक शोधणं भाग होतं. हडसननं चित्रकाराला नवा प्राणी काढायला सांगितलं नाही. तिनं आपल्याच कार्यालयातला एक नोकरदार उचलला. तोशियुकी ताकाहाशी हा 1959 चा जन्म असलेला माणूस हडसनच्या प्रचाराचं काम बघायचा, गावोगावच्या स्पर्धांत मुलांसमोर खेळून दाखवायचा आणि सेकंदाला 16 वेळा बटण दाबतो म्हणून 'ताकाहाशी मेइजिन', म्हणजे उस्ताद ताकाहाशी, म्हणून देशभर गाजला होता. त्याचीच आकृती टोपी आणि घागरा घालून बेटावर उतरवली. 12 सप्टेंबर 1986 ला खेळ बाजारात आला. अमेरिकेत हा उस्ताद कुणाला ठाऊक असणार? तिथं त्याचं 'मास्टर हिगिन्स' झालं. सिडकोत टोपीवाला झालं.

आपल्याकडे एशियन पेंट्सचा गट्टू आर. के. लक्ष्मण यांनी काढला, अमूलची मुलगी जाहिरातवाल्यांनी घडवली; पण स्वतःच्या पगारी माणसाचंच बोधचिन्ह करणारी कंपनी माझ्या माहितीत ही एकच. गंमत म्हणजे मुलांनी दिवसाला एकच तास खेळावं, असं हा उस्ताद सांगायचा. आमच्या आईचा आणि त्याचा परिचय नव्हता, पण दोघांचं मत तंतोतंत जुळत होतं.

काकांनी रेग्युलेटर आणि दोन कपॅसिटर बदलले, पिनांवर खोडरबर फिरवला आणि दुकानातल्याच जुन्या पोटाच्या टीव्हीला वायर जोडली. पडद्यावर मुंग्या, मग निळं आकाश, आणि ती धून. पंचवीस-सव्वीस वर्षांनी मी रिमोट हातात घेतला. पहिल्या फेरीतच गोगलगायीला धडकून मेलो.

तेव्हा आता स्पष्ट लिहितो: हा खेळ चांगला नाही. आम्हाला तो आवडायचा, अजून आवडतो, पण चांगला नाही. टोपीवाला थांबायचं म्हटलं की थांबत नाही, साबणावरून घसरल्यासारखा दोन पावलं पुढे जातो आणि तिथंच नेमका विस्तव असतो. स्केटिंगची फळी मिळाली की आनंद व्हावा, तर फळीला ब्रेक नाही. दगडाला ठेच लागली तर नुसती शक्ती कमी होते, पण बेडकाचा नुसता स्पर्श झाला तरी जीव जातो. ठेच आणि बेडूक यांतला हा न्याय कोणत्या स्मृतीत लिहिलाय देव जाणे. सगळ्यात वाईट प्रकार कुऱ्हाडीचा. मेलात की कुऱ्हाड जाते. जिथं कुऱ्हाडीशिवाय निभाव लागत नाही अशा जागी माणूस मरतो, आणि परत जिवंत होतो तो रिकाम्या हातांनी, त्याच जागी. एकदा नोकरी गेलेल्याला अनुभव नाही म्हणून दुसरी नाकारावी, तसं.

आठ विभाग, प्रत्येकात चार फेऱ्या, म्हणजे बत्तीस फेऱ्या. पण जंगल, समुद्रकाठ, गुहा आणि ढग हेच आलटून पालटून येतात. प्रत्येक चौथ्या फेरीच्या शेवटी बॉस, आणि त्याचं धड तेच, फक्त मुंडकं नवीन. लहानपणी आम्हाला हे आठ वेगळे राक्षस वाटायचे. खरं तर आम्ही तिसऱ्याच्या पुढे कधी गेलोच नव्हतो. बाकीच्यांच्या गोष्टी शेजारच्या गल्लीतला एक थापाड्या सांगायचा.

पुढे न जाण्याचं कारण आमच्या बोटांत नव्हतं, खोक्यात होतं. पहिल्या फेरीच्या अगदी शेवटी 'जी' लिहिलेल्या पाटीपाशी एक अदृश्य अंडं आहे. तिथं उडी मारली की ते दिसतं आणि त्यातून हडसनची खूण असलेली मधमाशी निघते. ती घेतली असेल तर सगळे जीव संपल्यावरही दिशेचं बटण दाबून धरून स्टार्ट दाबता येतं, आणि खेळ होता त्या विभागापासून पुढे चालू होतो. जपानी मुलांना हे मासिकांतून कळायचं, स्पर्धांतून कळायचं. नकली कॅसेटसोबत पुस्तिका येत नाही. आमच्या हजारो संध्याकाळी त्या मधमाशीच्या हातभर अंतरावरून पळत गेल्या आणि सातच्या बातम्या लागल्या की बटण बंद. मधे लाइट गेले तर गेलेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलं जंगल. चोरीच्या मालाचा तोटा मूळ कंपनीला किती झाला, याचे हिशेब खूप मांडले गेले. घेणाऱ्याला काय मिळालं नाही, हे कुणी मोजत नाही.

काकांच्या टीव्हीवर दोन-तीन दिवस सराव करून मी दुसऱ्या विभागात पोचलो. घरी येऊन मुलीच्या लॅपटॉपवर तोच खेळ, मूळ जपानी रूपात लावला, आता बॉस मारूनच दाखवतो म्हणून. आणि काहीतरी बिघडलं. उडी मारायच्या आधीच खड्डा यायचा. पक्षी अंगावर झेपावायचे ते घाईत. धून तीच, सूर तेच, पण वादक बस पकडायच्या तयारीत असल्यासारखा. मला वाटलं वय झालं. मुलगीही तेच म्हणाली.

काकांनी एका वाक्यात सोडवलं. "तिकडचा टीव्ही साठचा, आपला पन्नासचा."

जपान आणि अमेरिकेतले टीव्ही एनटीएससी पद्धतीचे, सेकंदाला साठ वेळा पडदा रंगवणारे. भारतातले पाल पद्धतीचे, पन्नास वेळा. या खेळात टोपीवाल्याचं प्रत्येक पाऊल पडदा एकदा रंगला की एकदा पडतं, घड्याळ बघून पडत नाही. त्यामुळे पाल टीव्हीसाठी बनवलेल्या नकली यंत्रांवर सगळं बेट सहात एक भागानं मंद व्हायचं. तिकडं मिनिटभरात संपणारी फेरी आपल्याकडे बहात्तर सेकंद. या नकलांच्या चिपला दिलेला ठोका मात्र मूळ यंत्राच्या जवळपास तेवढाच ठेवलेला, म्हणून स्वरांची पट्टी बदलत नाही, फक्त लय उतरते. द्रुतातली बंदिश मध्यलयीत गायल्यासारखी.

म्हणजे आम्ही खेळलो तो खेळ मुळात सोपा झालेला होता, आणि तरी आम्ही हरत होतो. पण माझा निकाल इथं थोडा वेगळा आहे. मंद लयीत हा खेळ बरा आहे. घसरणारी पावलं सावरायला डोळ्यांच्या पापणीएवढा वेळ मिळतो, बेडकाची उडी दिसते, वांगं आलं तर दोन फळं गाठता येतात. साठच्या वेगावर त्याचे दोष अंगावर येतात. पन्नासवर ते खोडी वाटतात. सेकंदाला 16 बटणं दाबणाऱ्या उस्तादाला नायक करून हडसननं जो खेळ काढला, तो सिडकोतल्या कमी व्होल्टेजच्या संध्याकाळी जास्त माणसाळलेला होता. हे मी आठवणींच्या भरात म्हणत नाही, दोन्ही शेजारी लावून पाहिले आहेत.

पुढचे भाग तुलनेनं नीट जमले. दुसऱ्या भागापासून टोपीवाला डायनोसॉरवर बसायला लागला आणि मिळवलेल्या वस्तू पुढच्या फेरीसाठी जपून ठेवता यायला लागल्या. हे भाग 1991 आणि 1992 चे. आपल्याकडे तेही नकली कॅसेटवर फिरले, पण माझ्या वाट्याला आले नाहीत. चौथा भाग 24 जून 1994 ला निघाला, आणि फॅमिकॉमसाठी अधिकृतपणे निघालेला तो शेवटचा खेळ. यंत्राचं दार ओढून घेणारा हाच टोपीवाला. जपानमध्ये या यंत्राचे नवे खेळ निघायचे थांबले, त्याच सुमाराला आमच्याकडे बोनसच्या पैशातून खोकं आलं होतं. हडसन कंपनी मार्च 2012 मध्ये कोनामीत विलीन झाली.

आता एक सांगणं. या दिवाळीला माळा आवरताना तुमच्याकडेही असं खोकं निघालं तर भंगारवाल्याला देऊ नका, आणि आनंदाच्या भरात प्लगातही खुपसू नका. जुना अ‍ॅडॉप्टर आधी मीटरवर तपासून घ्या. टोकाच्या आतल्या बाजूला धन आहे की ऋण हे यंत्रागणिक बदलतं आणि उलटं लागलं की काळा ठिपका कायमचा जातो. बदकं मारायची बंदूक असेल तर ती सपाट टीव्हीवर चालणार नाही, तिला जुनाच पोटाचा टीव्ही लागतो. कॅसेट चालली नाही तर फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी आयुष्यभर मारली आणि तोंडातल्या ओलाव्यानं पिना गंजवल्या. खेळ चालायचा तो कॅसेट काढून परत बसवल्यामुळे. शाळेचा साधा खोडरबर पिनांवर हलक्या हातानं फिरवा, कोरड्या कापडानं पुसा. आणि पहिली फेरी संपताना 'जी'च्या पाटीपाशी एक उडी मारा.