बिब्बा, काजू आणि त्वचेचा दाह

फाल्गुन-चैत्रात गोव्याच्या डोंगरउतारांवर काजूचा हंगाम सुरू होतो, आणि त्याबरोबर हातांची साल निघणे, बोटांवर फोड येणे, चेहरा सुजणे या तक्रारीही वाढतात. लोक याला ‘उष्णता’ म्हणतात व सोडून देतात. वस्तुतः हा दाह काजूबीच्या टरफलातील तेलाचा असतो.

काजू, बिब्बा आणि आंबा हे तिन्ही वृक्ष एकाच कुळातील आहेत. काजूच्या दुहेरी टरफलामध्ये मधाच्या पोळ्यासारखे कप्पे असतात व त्यांत दाट, काळपट तेल भरलेले असते. ते त्वचा जाळते. बिब्ब्याचा रस त्याहून जहाल. परीट याच रसाने कपड्यांवर खुणा करीत व चुन्याने तो रंग पक्का करीत. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर नेमक्या या खुणांच्या जागी पुरळ उठल्याचे वैद्यांनी १९४३ साली नोंदविले. धुतलेल्या कपड्यातूनही बाधणाऱ्या या पदार्थाचा चिवटपणा यावरून ध्यानात यावा. मराठीत चाललेल्या कामात ‘बिब्बा घालणे’ म्हणतात, तेही उगीच नव्हे.

हा दाह दोन प्रकारांनी होतो. तेल अधिक लागल्यास ते थेट भाजल्यासारखे फोड आणते. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. तेलातील द्रव्ये त्वचेतील प्रथिनांशी जोडली जातात व शरीर त्यांना परके मानू लागते. पहिल्या वेळी बहुधा काहीच जाणवत नाही. परंतु दोन-तीन आठवड्यांत शरीराची ही तयारी पूर्ण होते आणि पुढे किंचित स्पर्श झाला तरी एक-दोन दिवसांत खाज, लाली व पाणीदार फोड उठतात. यालाच ‘बिब्बा उतला’ म्हणतात. अशा व्यक्तीला मग आंब्याच्या देठाचा चीकही सोसत नाही. आंबा चोखल्यावर ओठांच्या कडा सुजतात. ‘सवय झाली की बाधत नाही’ हे काहींच्या बाबतीत खरे असले, तरी अनेकांचा त्रास दरवर्षी वाढतच जातो.

सर्वाधिक झळ स्त्रियांना पोहोचते. उसळीसाठी ओले काजूगर काढताना विळीवर बी चिरावी लागते आणि चीक बोटांत मुरतो. विदर्भ-मराठवाड्याच्या काही भागांत गोडंबीसाठी बिब्बे फोडणाऱ्यांचे हातही असेच काळवंडतात. कामापूर्वी हातांना खोबरेल चोळण्याची जुनी रीत उपयोगी आहे, मात्र तिने संपूर्ण संरक्षण मिळत नाही. हातमोजे अधिक बरे. टरफले भाजताना उठणारा धूर डोळ्यांना व श्वासनलिकेला झोंबतो, म्हणून भट्टी मोकळ्या जागी असावी व लहान मुलांना तेथे फिरकू देऊ नये. शाळेच्या वाटेवर काजूबिया भाजून दातांनी फोडण्याचा खेळ मुले खेळतात. त्याकडे शिक्षकांनी लक्ष द्यावे.

तेल लागताच, शक्य तो दहा-पंधरा मिनिटांच्या आत, ती जागा साबण व भरपूर थंड पाण्याने धुवावी. घासू नये. नखांखाली तेल राहते आणि तोच हात डोळ्यांना लागतो, म्हणून नखे अवश्य स्वच्छ करावीत. विळी, कोयता व कामाचे कपडेही वेगळे धुवावेत. फोडांतील पाण्याने रोग पसरत नाही. पसरतो तो राहिलेल्या तेलाने. तरीही फोड फोडू नयेत, कारण त्यांतून जंतू शिरतात. गार पाण्याची घडी ठेवावी. चुना, शेण किंवा तंबाखू लावण्याने जखम चिघळते. भेगाळलेल्या टाचांवर घरच्या घरी बिब्ब्याचे चटके देणेही टाळावे, कारण त्यामुळे कित्येकदा टाच बरी होण्याऐवजी सारा पाय सुजतो.

साधा दाह दोन-तीन आठवड्यांत ओसरतो, काळे डाग मात्र महिनोन्‌महिने राहतात. चेहरा किंवा डोळे सुजल्यास, ताप आल्यास, फोडांत पू झाल्यास किंवा धुरामुळे श्वास लागल्यास रोग्याला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे आणि हाताला काय लागले होते ते डॉक्टरांना प्रथम सांगावे.