झांस्कर: हिवाळ्यात रस्ता होणारी नदी

लेहहून कारगिलच्या रस्त्याला लागलं की निमूच्या थोडं अलीकडे सगळ्या गाड्या एकाच वळणावर थांबतात. खाली सिंधू आणि झांस्करचा संगम. लोक कौतुकाने सिंधूचे फोटो काढतात, नाव मोठं ना! पण ऐन उन्हाळ्यात पाणी जास्त असतं ते झांस्करचं. गढूळ, राखाडी पाणी.

भूगोल एका दमात उरकतो. पेन्सी ला खिंडीजवळच्या द्रांग-द्रुंग हिमनदीतून दोदा निघते, दुसऱ्या अंगाने त्सारप येते. पदुमजवळ, साडेतीन हजार मीटरहून थोड्या जास्त उंचीवर, दोघींची झांस्कर होते आणि पुढे झांस्कर रांग कापत सिंधूला मिळते. घळईच्या भिंती म्हणजे एकेकाळच्या टेथिस समुद्राचा गाळ, दुमडलेल्या पोळीसारखा घडीवर घडी. वाटेत झांगला लागतं. हंगेरीहून निघालेला चोमा द कोरोश 1823 मध्ये इथे येऊन तिबेटी भाषा शिकत बसला; त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश 1834 मध्ये कलकत्त्यात छापला गेला. त्या थंडीत शाई पातळ कशी ठेवली असेल, हा प्रश्न मला अजून छळतो.

आता माझ्या आवडीचा विषय: चादर. जानेवारी-फेब्रुवारीत नदी गोठते, पण तळ्यासारखी गुपचूप नाही. वाहत्या पाण्यात आधी सुईसारखे बर्फकण धरतात, ते चिकटून लाद्या होतात, लाद्या गरगरत खाली येतात आणि घळई चिंचोळी झाली की अडकतात. काठाचा बर्फ आत सरकत असतोच. दोन्ही सांधले की चादर तयार. खालून नदी चालूच. पुढे बर्फाने पाणी तुंबलं तर ते फुगून वर येतं आणि कालच्या कोरड्या वाटेवर आज गुडघाभर पाणी. ते उतरलं की वरचा पापुद्रा अधांतरी राहतो. घात तिथे होतो. ढगाळ हवेत चादर कच्ची, निरभ्र रात्रीनंतर पक्की.

आमचा वाटाड्या पुढे काठी आपटत चालायचा. ठण्ण आवाज आला की चला. भद्द आला की तो काही न बोलता कड्याला लागायचा आणि आम्ही निमूट मागे. पाय उचलायचा नाही, घसटत न्यायचा. आमच्यातल्या काहींचे बूट त्याच्या महिन्याच्या कमाईपेक्षा महाग असतील. त्याच्या पायात साधे रबरी गमबूट, आणि पडायचो आम्हीच.

झांस्करी माणसाला यात साहस दिसत नाही. याच वाटेने पाठीवर लोणी लादून ते लेहच्या बाजारात न्यायचे, पोरं शाळेला जायची. आता सीमा रस्ते संघटनेने 298 किलोमीटरचा निमू-पदुम-दारचा रस्ता मार्च 2024 मध्ये जोडला, शिंकू ला खिंडीखाली 4.1 किलोमीटरचा बोगदाही होतोय. ‘चादर संपली’ म्हणून पुण्यामुंबईचे ट्रेकर हळहळतात. मला ती हळहळ पटत नाही. पदुममध्ये कोणाच्या छातीत कळ आली तर त्याने आमच्या हौसेपायी बर्फावरून चालत लेह गाठायचं काय?

तरी जायचं असेल तर जरूर जा. मात्र आधी लेहमध्ये चार दिवस हवा अंगवळणी पाडा. तिथे वैद्यकीय तपासणी होते. तीत रक्तदाब वाढलेला निघाला तर कितीही ओळखी काढा, परवाना मिळत नाही.